पायऱ्या मोकळ्या

१

रविवारी दुपारी दीड वाजता वरच्या तळ्याचं पाणी जाळीपर्यंत उतरलं आणि जाळीला चिकटलेले पट्टीवाले काका दिसले. अंगात खाकी शर्ट, पायात एकच चप्पल. आठ वर्षं त्यांनी ज्या पाण्याची उंची दिवसातून दहा वेळा वाचली, त्या पाण्याने त्यांची एवढीशीही ओळख ठेवली नाही.

मंगळवारी सकाळी नऊला निरीक्षकबाईंची जीप वीजप्रकल्पाच्या गेटपाशी येऊन थांबली. बाईंना खात्यात पाठीमागे टाचणी म्हणत. एकतर त्या प्रत्येक फाइलीला हरकतीची एक चिठ्ठी टाचणीने टोचून परत पाठवत, आणि दुसरं म्हणजे त्यांच्याशी दोन वाक्यं बोललेला माणूस काहीतरी टोचल्यासारखा चेहरा करून बाहेर पडे. बाईंना हे ठाऊक होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट बरंच वाटे.

"आत सोडायचा हुकूम नाही," गेटवाला बसल्या जागेवरून म्हणाला.

"कुणाचा?"

"मोठ्या साहेबांचा."

"मग त्यांना फोन लाव. म्हणावं, माझी सही झाल्याशिवाय त्यांच्या तळ्यातलं चमचाभर पाणीही हलणार नाही. बघ, हुकूम येतो की नाही."

हुकूम लगेच आला. मोठे साहेब, म्हणजे प्रकल्पप्रमुख, खोलीत वाटच पाहत होते. समोरच्या खुर्चीवर फाइलींचा गठ्ठा होता आणि तो उचलायची तसदी त्यांनी घेतली नाही. बाईंनीच तो उचलून त्यांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाला खेटून ठेवला आणि त्या बसल्या.

"अहवाल टाइप करून ठेवलाय," साहेब म्हणाले. "घरगुती भांडण. मुलाने बापाला ढकललं. प्रकल्पाची काही चूक नाही. चार वाजता फौजदार येऊन मुलाला घेऊन जातील. तुम्ही खाली सही करा, सहाला शहराला वीज लागते."

"वाचू?"

"वाचायचं काय त्यात? दोन संध्याकाळी शहर अंधारात आहे. लोक मला शिव्या घालतायत."

हे मात्र खरं होतं. डोंगरावर एक तळं, पायथ्याशी दुसरं आणि मधे बोगदा, एवढाच तो सगळा कारभार. दुपारी उन्हाची वीज गरजेपेक्षा जास्त झाली की तिच्यावर पंप चालवून खालचं पाणी वर चढवायचं. शहराला वीज कमी पडली की तेच पाणी बोगद्यातून सोडायचं आणि चक्रं फिरवून वीज परत घ्यायची. उरलेलं दूध उद्यासाठी विरजून ठेवावं तशी शहराची उरलेली वीज या डोंगरावर ठेवलेली असे. काकांचं प्रेत सापडल्यावर साहेबांनी बोगदा बंद केला आणि खात्याने तो बंदच ठेवायला सांगितलं. आता सगळं बाईंच्या पेनावर अडलं होतं.

"मुलगा कुठे आहे?"

"अवजारांच्या खोलीत. कुलूप लावून ठेवलाय. कामगारांनी चोपला असता नाहीतर."

बाईंनी अहवालाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. "चारपर्यंत वेळ आहे ना? मग सही चारला."

"तुम्हाला काय सापडणार आहे इथे?" साहेबांचा आवाज चढला.

"ते सापडल्यावर सांगते. तोवर तुमचा चहा घ्या, थंड होतोय."

२

कंट्रोल रूममध्ये पाळीचा ऑपरेटर होता. पस्तिशीचा, दाढी गुळगुळीत, भांग रेघ मारल्यासारखा. बाई आत आल्या तरी तो उठला नाही, पण रजिस्टर मात्र न मागता पुढे सरकवलं. रविवारच्या पानावर कागदाची खूणही घालून ठेवली होती.

इथे पाणी सोडायची एक रीत होती आणि ती कधी चुकवायची नाही असा दंडक होता. आधी कंट्रोलमधून वरच्या केबिनला थेट फोन करायचा. पट्टीवाल्याने खिडकीतून दुर्बीण लावून पाण्यातली मोजपट्टी वाचायची, पायऱ्यांवरून नजर फिरवायची आणि फोनवर आकडा सांगून म्हणायचं, "पायऱ्या मोकळ्या." मग रजिस्टरमध्ये लिहायचं, मग पाणी. पायऱ्या थेट बोगद्याच्या तोंडाशी उतरत होत्या. पाणी सुटलं की तिथली ओढ बैलालाही आवरली नसती.

रविवारची नोंद सुबक अक्षरात होती. अकरा वाजून चार मिनिटं. यंत्राने मोजलेली स्क्रीनवरची पातळी सोळा-चाळीस, म्हणजे सोळा मीटर चाळीस सेंटीमीटर. फोनवर पट्टी सोळा-दहा. पायऱ्या मोकळ्या.

"रविवारी सकाळी वीज कुणाला हवी होती?"

"लांबचं एक वीजकेंद्र अचानक बंद पडलं. विजेचा भार सांभाळणाऱ्या केंद्रातून फोन आला, पाच मिनिटांत पूर्ण वीज द्या. मी वर फोन केला, त्यांनी आकडा सांगितला, पायऱ्या मोकळ्या म्हणाले. अकरा-पाचला पाणी सोडलं. सगळं लिहिलंय."

"दिसतंय. पाणी सोडण्याआधीचा इशाऱ्याचा भोंगा?"

"रविवारी वाजवत नाही. कॉलनीतल्या लोकांची झोपमोड होते. मोठ्या साहेबांचा तोंडी हुकूम आहे."

म्हणजे रविवारी माणूस आणि पाणी यांच्यामध्ये फक्त एक फोन होता. बाईंनी तोंडी हुकूम देणाऱ्यांना मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि रजिस्टर मागे उलटायला घेतलं. शनिवार, शुक्रवार, मागचा महिना, मागचं वर्ष. प्रत्येक ओळीत स्क्रीनपेक्षा पट्टी तीस सेंटीमीटरने कमी होती. शाळेतली एक फूटपट्टी उभी मावेल एवढा फरक, आणि तो कधी एका बोटानेही हलला नव्हता.

"हे काय आहे?"

ऑपरेटर पहिल्यांदा हसला. "पट्टी बसवतानाच फूटभर वर बसली. ठेकेदाराचा प्रताप. इथे सगळ्यांना माहीत आहे. पट्टी वाचा, तीस मिळवा. साहेब म्हणतात, आता दुरुस्त केली तर आठ वर्षांचे अहवाल चुकीचे ठरतील."

"छान. म्हणजे खोटं सांभाळायला खोटंच ठेवलंय."

"ते तुम्ही साहेबांना विचारा. मी आपला आकडे लिहिणारा माणूस."

"आकडे लिहिणारा माणूस दोन दिवस घरी का बसला नाही? कालचीही पाळी तुझीच, आजचीही तुझीच." आपण त्याला अरेतुरे करतोय हे बाईंच्या लक्षात आलं, पण त्यांनी सुधारलं नाही.

त्याचं हसू मावळलं. "घरी बसून काय करू? बायको रडतेय. जो मेला तो माझा सासरा होता, बाई. आणि ज्याने मारला तो माझा सख्खा मेहुणा."

३

गेटवाल्याला बोलायचं नव्हतं, पण बाई त्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि तो उभा राहिला. उभ्या माणसाला लवकर कंटाळा येतो, हा बाईंचा जुना अनुभव.

"साडेनऊला बाप-लेक वर गेले," तो म्हणाला. "लेकाच्या सायकलला मोठी पिशवी. इथेच जुंपली होती त्यांची. म्हातारा ओरडत होता, माझ्या जिवंतपणी हात लावायचा नाही. मुलगा म्हणाला, मग कधी लावू? आता बोला. घराचीच भानगड असणार, दुसरं काय!"

"घर हा शब्द ऐकलास?"

"शब्द कशाला ऐकायला पाहिजे? बाप-लेक भांडतात ते घरावरूनच."

"आणि परत कधी आला?"

"सव्वाअकराला. एकटाच. कमरेपर्यंत भिजलेला, ओली पँट पायांना चिकटलेली. मी विचारलं, काका कुठेत? म्हणाला, आहेत वर. आवाजात जराही कंप नाही. असा निगरगट्ट माणूस मी पाहिला नाही."

वरून सायकलने उतरायला दहा मिनिटं लागत. अकरा-चारला काका फोनवर जिवंत, सव्वाअकराला लेक ओला. मधे एकट्या लेकाशिवाय वर कोणी नाही. फौजदाराने डोकं खाजवायचीही गरज नव्हती.

अवजारांच्या खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा मुलगा पंपाच्या सुट्या भागांमध्ये जमिनीवर बसला होता. प्रकल्पावर त्याला पाना म्हणत, कारण तो पंपांचा मेकॅनिक होता आणि मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असे. आता खिसा रिकामा होता. ओठ फुटलेला होता. चोपायचं राहिलं होतं असं साहेब म्हणाले खरे, पण कुणीतरी सुरुवात केली होती.

"भांडण कशावरून झालं?"

पानाने समोरची एक सुटी चकती उचलून पालथी केली.

"भिजलास कसा?"

पानाने मान वर केली. "तुम्ही कोण? साहेबांच्या बाई का?"

"मी कुणाचीच बाई नाही. चार वाजता तुला फौजदार नेणार आहे. मी इथे आहे तोवरच तुझं कुणी ऐकेल. बोल."

"भावजींनी काय लिहिलंय रजिस्टरला?"

"तुझे वडील अकरा-चारला केबिनमध्ये होते आणि त्यांनी पट्टी वाचून दाखवली."

पानाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, आणि लगेच विझलं. "मग तसंच असेल. म्हणजे मी निघाल्यावर ते वर चढले आणि फोन घेऊन पुन्हा खाली उतरले. माझ्यामुळेच. मी सुरुवात केली नसती तर ते पाण्याजवळ गेलेच नसते." तो भिंतीकडे वळून बसला. "लिहून घ्या बाई. मीच मारलं त्यांना. जा आता."

दारात उभा असलेला गेटवाला विजयाने बाईंकडे पाहू लागला.

४

कबुली मिळाली की बाकीचे निरीक्षक जेवायला जातात. बाईंचं डोकं मात्र कबुलीने उठलं. मारणारा माणूस 'मी ढकललं' म्हणतो. 'मी सुरुवात केली नसती तर' असं म्हणत नाही. कसली सुरुवात?

मेलेल्याची मुलगी प्रकल्पाचं स्टोअर सांभाळत होती. तिसऱ्या दिवशीच ती कामावर आली होती, कारण घरी बसलं की शेजारणी येऊन भावाला तळतळाट देत. डोळे सुजलेले, पण वह्या, चाव्या, खोकी जागच्या जागी. तिने बाईंना बसा म्हटलं नाही.

"माझ्या भावाने हे केलेलं नाही," ती आधीच म्हणाली. "तुम्हाला पटणार नाही. कुणालाच पटत नाही."

"तुमच्या नवऱ्याला?"

"त्यांना तर नाहीच." तिचा जबडा आवळला. "दोन दिवस जेवायला येतात तेव्हा माझ्यासमोर बसून भावाच्या नावाने बोटं मोडतात. दोघांचं पहिल्यापासून पटत नाही. बोलणं बंद होऊन वर्ष झालं."

बाई फळ्यांमधून फिरू लागल्या. लाल रंगाचे लहान डबे ओळीने मांडलेले होते. सगळ्यांवर धूळ, आणि मधे एक गोल स्वच्छ जागा. त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं.

"हा डबा कुठे गेला?"

"माहीत नाही."

"स्टोअरवालीला माहीत नाही?"

"नाही म्हटलं ना! शनिवारी दुपारनंतर स्टोअर बंद होतं."

"मी शनिवार म्हटलंच नाही."

तिने वहीवर हात ठेवला. मग एकदम फणकारून म्हणाली, "साहेबांच्या चिठ्ठीशिवाय इथून खिळाही दिला तर माझी नोकरी जाते. बाप गेला, भाऊ चाललाय, आता नोकरीही घालवू? तुम्हाला माझ्या भावाला सोडवायचं असेल तर सोडवा, नाहीतर मला छळू नका."

बाईंना तिचा राग आला आणि तेवढ्यातच तिच्याबद्दल कणवही वाटली. या दोन गोष्टी एकदम वाटल्या की त्या नेहमी जास्तच खरखरीत बोलत. "तुमची नोकरी माझ्या कामात येत नाही. भाऊ येतो. चार वाजता कंट्रोल रूममध्ये या. येताना वही आणा."

"आणि नाही आणली तर?"

"तर भावाला हात दाखवून निरोप द्या."

दोन वाजले होते. बाई जीपमध्ये बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "वरच्या तळ्यावर."

५

केबिनपासून पाण्यापर्यंत एकशे वीस पायऱ्या होत्या. बाईंनी प्रत्येक पायरीला ठेकेदाराच्या घराण्याचा उद्धार केला. पाणी उतरल्याने खालच्या पायऱ्या चिखलाने बरबटलेल्या होत्या आणि अगदी तळाशी बोगद्याच्या तोंडावरची ती जाळी दिसत होती. बाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं.

मोजपट्टी पायऱ्यांलगतच्या भिंतीवर होती. लांबच लांब लोखंडी पट्टी, भिंतीतल्या खाचेत बसवलेली आणि वरच्या टोकाला चार बोल्टांवर टांगलेली. बाई बोल्टांपाशी थांबल्या. चारही नवे होते, आणि त्यांच्या बरोबर फूटभर वर भिंतीत चार रिकामी, गंजाने तांबडी झालेली भोकं.

म्हणजे पट्टी फूटभर खाली घेतली होती. 'माझ्या जिवंतपणी हात लावायचा नाही' ते या पट्टीला. आणि खाचेत अडकलेली एवढी लांब पट्टी खाली सरकवायची तर एकाला पाण्यात उतरून ती हलवावी लागणार. म्हणून लेक कमरेपर्यंत ओला.

नव्या बोल्टांच्या डोक्यांवरून लाल रंगाचा ताजा हात फिरला होता. तो रंग पट्टीवरून खाली उतरत गेला होता. अठरा, साडेसतरा, सतरा. एकेक आकडा शाळेच्या फळ्यावर लिहावा तसा टपोरा. त्या अक्षरात घाई नव्हती. आठ वर्षं खोटं वाचायला लागलेल्या माणसाला खरी पट्टी मिळाल्यावर तो ती अशीच रंगवणार.

सोळा-साठ. सोळा-पन्नास. पन्नासमधल्या शून्याची डावी बाजू ठळक आणि उजवी कोरी. तिथून एक लाल फराटा तिरका खाली गेला होता. त्याच्याखाली जुने, उडालेले आकडे थेट तळापर्यंत.

बाई त्या अर्ध्या शून्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

मग पायऱ्या पुन्हा चढून त्या केबिनमध्ये गेल्या. धाप ओसरल्यावर दुर्बीण लावून त्यांनी पाण्याची पातळी वाचली. बारा-नव्वद. त्यांनी थेट फोन उचलला. दुसऱ्या टोकाला ऑपरेटर होता.

"स्क्रीनवर आता पातळी किती आहे?"

"बारा-नव्वद. का?"

बाईंनी उत्तर न देता फोन ठेवला.

६

पावणेचारला कंट्रोल रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मोठे साहेब, ऑपरेटर, फौजदार आणि त्याच्या हवालदाराने दंडाला धरलेला पाना. दाराशी स्टोअरवाली, छातीशी वही घट्ट धरून. कुणी कुणाकडे धड पाहत नव्हतं.

"सही," साहेब म्हणाले.

"आधी ऐका. पानाने रविवारी सकाळी मोजपट्टी फूटभर खाली घेऊन बरोबर बसवली. साहेब परवानगी देणार नाहीत म्हणून गुपचूप. बापाशी भांडण त्याच्यावरूनच. बाप आधी चिडला, मग राजी झाला. खरं ना?"

पाना आश्चर्याने पाहत राहिला. "म्हणाले, आता लावलीच आहेस तर रंग मी देतो, तू जा घरी. मी अकराच्या आसपास निघालो. त्यांना तिथे पाण्यात उभं करून निघालो, बाई."

"आणि त्यांनी वरून रंगवायला सुरुवात केली," बाई म्हणाल्या. "सोळा-पन्नासपर्यंत आले, कारण खाली सोळा-चाळीसला पाणी होतं. अकरा-पाचनंतर पाणी उतरतच गेलं. नंतर कुणी रंगवलं असतं तर हात सोळा-पन्नासला थांबायचं काही कारण नव्हतं, कोरडी पट्टी पार खालपर्यंत मोकळी होती. म्हणजे पट्टी सरकली, बोल्ट बसले, वरून रंगही लागला, ते सगळं पाणी सुटायच्या आधी."

"बरं मग?" फौजदार म्हणाला. "रंगवता रंगवता फोन वाजला. म्हातारा वर गेला, बोलला, परत खाली आला. तोवर पोरगा दबा धरून बसला होता. काय बदललं?"

"आकडा बदलला. ते वर गेले असते आणि दुर्बीण लावली असती, तर त्यांना पट्टीवर काय दिसलं असतं?"

फौजदाराने स्क्रीनकडे पाहिलं.

"सोळा-चाळीस," बाई म्हणाल्या. "स्क्रीनवर जेवढं तेवढंच. पट्टी बरोबर झाली होती! पण रजिस्टरमध्ये फोनवरचा आकडा आहे सोळा-दहा. त्या मिनिटाला तो आकडा तिथे कुणाला दिसूच शकत नव्हता. तो फक्त एकाच ठिकाणाहून येऊ शकतो. या खुर्चीतून. स्क्रीन बघायची, सवयीने तीस वजा करायचे आणि लिहून टाकायचं. पट्टी दुरुस्त झाल्याचं याला माहीत नव्हतं, मेहुण्याशी बोलणं बंद. खोटं बोलतानाही हा माणूस आठ वर्षांची चूक न चुकता पाळत होता."

सगळ्यांच्या माना ऑपरेटरकडे वळल्या. त्याचा भांग अजून सरळ होता.

"फोन केला होता मी," तो म्हणाला. "शपथ घेतो. वाजत राहिला, उचलला नाही. पाच मिनिटांत वीज द्यायची होती, दवाखाने बंद पडले असते. मला वाटलं, म्हातारा कुठेतरी टेकला असेल. भोंगा वाजवायची बंदी. मग काय करणार होतो मी?"

"तू लिहिलंस, पायऱ्या मोकळ्या."

"रोज तेच लिहितो!"

"ते अकरा-चारला. दीड वाजता प्रेत दिसलं तेव्हा काय केलंस?"

त्याने रजिस्टर मिटलं. मोठे साहेब खिडकीकडे वळले होते. रविवारच्या भोंग्याची चौकशी आता कुठपर्यंत जाणार याचा हिशोब त्यांच्या मानेवर दिसत होता.

फौजदाराने टोपी टेबलावर ठेवली. "बाई, डोकं चालवलंत, मान्य. पण कोर्टात मला कागद लागतो. बोल्ट आणि रंग रविवारच्या आधीच पोराच्या हातात होते, हे कशावरून? उद्या वकील म्हणेल, सगळं नंतर रचलं. साक्षीदार द्या, नाहीतर पोरगा माझ्याबरोबर येतोय. कबुली दिलीय त्याने."

घड्याळात चारला पाच कमी होते. बाईंनी दाराकडे पाहिलं नाही. मागायचं ते त्यांचं दुपारीच मागून झालं होतं. आता पुन्हा मागणं म्हणजे स्टोअरवालीचं मनगट पिरगाळणं झालं असतं.

ऑपरेटर मात्र दाराकडे वळला. "तुला काही आठवत नाही," तो बायकोला हळू आवाजात म्हणाला. "स्टोअर बंद होतं. चिठ्ठी नव्हती. तू काही दिलंच नाहीस. ऐकतेयस ना? मी मुद्दाम नाही केलं गं. तुला माहीत आहे, मी मुद्दाम नाही केलं."

ती आत आली. वही टेबलावर उघडली, शनिवारचं पान काढलं आणि फौजदाराच्या टोपीशेजारी ठेवलं. चार बोल्ट, लाल रंगाचा एक डबा, एक ब्रश, घेणाऱ्याची सही भावाची, वेळ सायंकाळचे पाच.

"ताई, राहू दे," पाना म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "तुझं घर मोडेल."

"तू गप्प बस." ती नवऱ्याकडे वळली. "मुद्दाम नाही केलंस, माहीत आहे मला. बाबा गेले ते घाईत गेले. पण त्यानंतर दोन दिवस माझ्या हातचं जेवत होतास, माझ्या भावाला खुनी म्हणत होतास, आणि मी तुझ्या ताटात आणखी वाढत होते. ते मुद्दाम होतं."

तो काहीतरी म्हणायला गेला, पण हवालदाराने पानाचा दंड सोडून त्याचा धरला होता.

फौजदाराने जबाबाचा कोरा कागद पुढे केला. बाईंनी स्वतःचं पेन उघडून दिलं. तिने चार ओळी लिहिल्या, न थांबता, आणि खाली सही केली. मग पेनाचं टोपण लावून ते बाईंच्या हातात ठेवलं.

"तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "माहीत आहे."

ती भावापाशी गेली आणि त्याचा फुटलेला ओठ पदराने पुसू लागली. तो लहान मुलासारखा मान वर करून उभा राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"चल," ती म्हणाली. "बाबांना दवाखान्यातून घेऊन यायचंय अजून."